बागेची किल्ली कुणाकडे?

(महिला गटांच्या कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन.)



पत्रिकेत या सत्राचा विषय 'स्त्रिया आणि सार्वजनिक जागा' असा छापलेला आहे. विषय मोठा आहे आणि त्यावर माझ्यापेक्षा जास्त अधिकारानं बोलू शकतील अशा बऱ्याच जणी इथं बसल्या आहेत. मी मात्र आज फक्त कचऱ्याच्या दोन डब्यांबद्दल बोलणार आहे. हे कळल्यावर आमच्याच गटातली एक मैत्रीण म्हणाली, "अगं, एवढ्या लांब जाऊन कचऱ्यावर काय बोलतेस? पोटगीवर बोल, हिंसाचारावर बोल." मी तिला म्हटलं, हिंसाचारापासूनच सुरुवात करते.

मी ज्या वस्तीत काम करते ती वस्ती आणि पलीकडच्या सोसायट्या यांच्या मधोमध महापालिकेची एक बाग आहे. बाग म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर सारसबाग किंवा राणीची बाग आली असेल, तर ती पुसून टाका. विकास आराखड्यात आरक्षण होतं म्हणून वाचलेला तो एक तुकडा आहे. चालायला फरशांचा एक वळसा, दोन झोके, एक घसरगुंडी, सात बाकं, पर्जन्यवृक्षाची चार मोठी झाडं आणि झोक्यांजवळ स्टीलचे दोन झुलते डबे. सकाळी ६ ते १० आणि दुपारी ४ ते रात्री ८ बाग उघडी असते. मधल्या वेळात कुलूप.

पुरुषाला बसायला चहाची टपरी आहे, पानाचा ठेला आहे, मंडळाचा ओटा आहे. तिथं तो का बसलाय, असं त्याला कुणी विचारत नाही. वस्तीतल्या बाईला दहा बाय दहाच्या खोलीतून अर्धा तास बाहेर पडायचं तर कारण लागतं. नळ हे कारण आहे, रेशन हे कारण आहे, दवाखाना हे कारण आहे, आणि 'पोराला झोक्यावर नेते' हेही एक कारण आहे. खरं सांगते, आमचं निम्मं काम या शेवटच्या कारणावर चालतं. कार्यालयात बाई येते ती फार सोसून झाल्यावर, आणि बहुतेक वेळा एकदाच. बाकावर ती रोज भेटते.

तशी एक मुलगी यायची. तेवीस-चोवीस वर्षांची, दोन वर्षांच्या पोराला घेऊन. आमच्या कार्यालयाची पायरी ती चढू शकत नव्हती, कारण कार्यालयाची पाटी तिच्या नवऱ्याच्या रिक्षास्टँडच्या अगदी समोर आहे. पाच महिने आम्ही झोक्याजवळच्या बाकावर भेटत होतो. मारहाणीची तारीखवार नोंद मी तिथंच बसून लिहून घेतली. लग्नाच्या दाखल्याची झेरॉक्स तिनं पोराच्या टोपड्यात घालून मला आणून दिली. संरक्षण आदेशासाठी अर्ज करायचा का, यावर तिचं मन हळूहळू तयार होत होतं.

२०२३ च्या गणपतीनंतर ते डबे ओसंडायला लागले. आधी डब्याच्या तोंडाशी पिशव्या दिसायच्या, मग त्या खाली आल्या, मग त्यांचा ढीग झाला. ढिगावर कुत्री आली. नवरात्रात एका मुलाच्या पोटरीला कुत्रं चावलं. त्या रात्री या मुलीची सासू तिला म्हणाली, "उकिरड्यात नेतेस होय पोराला? उद्यापासून जायचं नाही." तिला काही उलटून बोलता आलं नाही. काय बोलणार? सासूचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मोबाइल तिच्याकडे नव्हताच. पुढं अडीच महिने मला ती दिसली नाही.

बाग काही ओस पडली नव्हती. सकाळचे फिरणारे नाकाला रुमाल लावून पलीकडच्या बाजूनं वळसा घेत होते. क्रिकेटवाली मुलं होती. पण लेकुरवाळ्या बायका आधी गेल्या, मग संध्याकाळी भजन म्हणणाऱ्या आज्या गेल्या. बायका नाहीत म्हटल्यावर शाळेतल्या मुली यायच्या थांबल्या. डिसेंबरात आमच्या बाकावर पत्ते आले आणि पत्त्यांमागून बाटली आली. फक्त कचरा उचलला गेला नाही म्हणून हे झालं. कुणी बायकांना बंदी केली नव्हती, कुणी छेड काढली नव्हती. तक्रार लिहायची तर कुणाविरुद्ध लिहिणार?

आता माझी चूक सांगते. शिबिरांतून यशाच्या गोष्टी आपण पुष्कळ सांगतो, ही दुसऱ्या प्रकारची आहे. एम.एस.डब्ल्यू.ला असताना आम्हाला शिकवलं होतं की लोकांना कृतीत सामील करून घ्या, कृतीतून संघटना उभी राहते. वाक्य चांगलं आहे. मी त्याचा अर्थ 'रविवारी खराटे घ्या' असा लावला. जानेवारीत आम्ही स्वच्छता मोहीम काढली. वस्तीतल्या, सोसायट्यांतल्या मिळून चाळीसेक बायका आल्या, कॉलेजची मुलं-मुली आली. महापालिकेनं टोप्या आणि हातमोजे दिले, कापडी फलक दिला. आम्ही तीन तास राबलो. पुरुष चार होते, त्यांतले तीन फोटो काढत होते. घरी रोज झाडतोच, त्या दिवशी बाहेरही झाडलं. एकतीस गोण्या कचरा भरून फाटकापाशी रचला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला, मी कात्रण कापून ठेवलं.

गोण्या न्यायला गाडी येणार होती. सोमवारी आली नाही, मंगळवारी आली नाही. बुधवारी कुत्र्यांनी आणि गाईंनी गोण्या फाडल्या. शुक्रवारी मी गेले तेव्हा बागेच्या आत विखुरलेला कचरा बागेच्या तोंडाशी एकवटलेला होता, आणि ती बाग रोज झाडणाऱ्या अक्का फाटलेल्या गोण्या पुन्हा भरत होत्या.

अक्का हे त्यांचं नाव नाही, सगळे त्यांना तेच म्हणतात. पन्नाशीच्या आहेत. उद्यानाच्या कंत्राटदाराकडे अकरा वर्षं आहेत. या काळात कंत्राटदार चार बदलले, अक्का त्याच. मी ओशाळून म्हटलं, "अक्का, रविवारी तुम्ही दिसला नाहीत." त्या म्हणाल्या, "मुकादम म्हनला, बाया येनारेत झाडाया, तू नको येऊ. माझा रोज बुडाला. आन् आता ह्ये भरतीया, त्येचा रोज कोन देनार?"

मी खाली बसले आणि गोणी धरायला लागले. बोलण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. मग मी त्यांना जे रविवारच्या आधी विचारायला हवं होतं ते विचारलं. डबे भरून वाहतात ते का? त्यांनी क्षणाचाही विचार न करता उत्तर दिलं, "किल्ली न्हाई."

हे जरा नीट सांगते, कारण सगळी गोम इथंच आहे. बागेतलं झाडणं उद्यान विभागाच्या कंत्राटात येतं. डब्यातला कचरा नेणं घनकचरा विभागाच्या गाडीकडे आहे. ती गाडी बागेत शिरत नाही, डबा रस्त्यावर आणून रिकामा करायचा असतो. फाटकाचं कुलूप तिसऱ्याच, सुरक्षेच्या कंत्राटदाराच्या रखवालदाराकडे. तो १० वाजता कुलूप लावून दुसऱ्या बागेकडे जातो. गाडी येते सव्वाअकराला. म्हणजे गाडी आली की फाटक बंद, आणि फाटक उघडलं की गाडी नाही. वर्षानुवर्षं अक्का भरलेली गोणी डोक्यावर घेऊन दहाच्या आत बाहेर पडायच्या आणि सव्वा तास रस्त्याच्या कडेला गोणीजवळ गाडीची वाट बघत बसायच्या. हा सव्वा तास हजेरीत धरला जात नव्हता. २०२३ च्या पावसाळ्यात त्यांचा गुडघा गेला आणि त्यांनी गोण्या उचलणं सोडलं. त्यानंतर डबे ओसंडले. आम्ही सगळ्या समजत होतो की लोकांची शिस्त अचानक बिघडली!

गटाच्या बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा मोठा वाद झाला. काहींचं म्हणणं, आपण महिला संघटना आहोत, गटारं-कचरा बघायला नगरसेवक आहेत. (त्या वेळी तेही नव्हते. राज्यातल्या बहुतेक महापालिकांची मुदत संपून तिथं प्रशासक बसले होते.) पण खरा वाद दुसराच निघाला. आमच्या गटातल्या एका दलित कार्यकर्तीनं सरळ विचारलं, "तुम्हाला बाग स्वच्छ पाहिजे. म्हणजे अक्कांनी जास्त झाडायला पाहिजे, असंच ना? निवेदनात तेच लिहिणार ना?" खोलीत शांतता पसरली. आपल्या शहरांत रस्ते आणि बागा झाडणाऱ्या बायका बहुतेक कोणत्या जातींच्या असतात, हे इथं सांगायला नको. मोहिमेच्या दिवशी सोसायटीतल्या एका बाईंनी अक्कांच्या खराट्याऐवजी घरून नवा खराटा आणला होता, तेव्हा आम्हाला त्यात काही खटकलं नव्हतं. त्या बैठकीत खटकलं. शेवटी असं ठरलं की मागण्या अक्कांना विचारून लिहायच्या, आणि लिहिण्याआधी चार आठवडे डब्यांची वही ठेवायची.

वहीचं काम आम्ही सहा जणींनी पाळीपाळीनं केलं. कोणत्या वाराला, किती वाजता डबे भरतात आणि त्यांत काय असतं, एवढंच लिहायचं. फेब्रुवारीचे दिवस होते. सगळ्यात जास्त जागा खाणारी गोष्ट निघाली पालापाचोळा! पर्जन्यवृक्षाची पानं बारीक, पण पडायला लागली की घमेल्यामागून घमेलं. मुकादमाचा हुकूम होता की पाला डब्यात घाला, उरला तर पेटवा. सकाळच्या फिरणाऱ्यांपैकी एका गृहस्थांनी अक्का पाला पेटवताना त्यांचं मोबाइलवर चित्रीकरण केलं होतं आणि 'दंड करवतो' म्हणून दम दिला होता. ते गृहस्थ चुकीचं बोलत नव्हते, धूर वाईटच आणि जाळायला बंदीही आहे. फक्त त्यांनी कॅमेरा मुकादमाकडे वळवायला हवा होता.

दुसरा नंबर रविवार संध्याकाळच्या वाढदिवसांचा. केकची खोकी, थर्माकोलच्या ताटल्या, फुगे. त्याबद्दल फार बोलत नाही, तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. तिसऱ्या गोष्टीबद्दल मात्र बोलायचं आहे.

डब्यांत रोज वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या लहान पुड्या सापडायच्या. वापरलेले सॅनिटरी पॅड. सोसायट्यांच्या तक्रारअर्जात यावर एक अख्खा परिच्छेद होता, 'वस्तीतील महिलांची घाणेरडी सवय' या शब्दांत. आम्ही वस्तीतल्या बायकांशी बोललो. सार्वजनिक संडासात डबा नाही. घंटागाडी येते तेव्हा दारात सासरा असतो, दीर असतो, आणि गाडीवर पुरुष असतो, त्याच्या हातात ही पुडी कशी द्यायची? घरात ठेवावी तर खोली एकच. म्हणून संध्याकाळी पोराला झोक्यावर नेताना पदराखाली पुडी आणायची आणि बागेतल्या डब्यात टाकायची. त्या बाया उघड्यावर टाकत नव्हत्या, नाल्यात टाकत नव्हत्या, दोनशे पावलं चालून डब्यात टाकत होत्या. आम्ही ज्याला बागेचा डबा म्हणत होतो तो सगळ्या वस्तीतल्या बायकांचा डबा होता. आणि ती पुडी फुटली की उचलणारी पुन्हा बाईच, तीही उघड्या हातानं. अक्का म्हणाल्या, "टाकनारीचा राग न्हाई येत. कागद सुटतो त्येचा येतो."

पुण्यातल्या कचरावेचक बायकांनी हा प्रश्न कितीतरी आधी वेशीवर टांगला होता. १९९३ साली तिथं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढं २००८ पासून 'स्वच्छ' ही वेचकांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा घेऊ लागली. पॅड गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे वेगळं करताना आमचा हात लागणार नाही, एवढी साधी मागणी त्यांनी लोकांपुढं ठेवली. २०१३ साली तर त्यांनी वापरलेले पॅड ते बनवणाऱ्या कंपन्यांनाच परत पाठवले! २०१६ च्या घनकचरा नियमांत उत्पादकांनी पॅडबरोबर गुंडाळायला पिशवी द्यावी, असं कलम आलं. आमच्या वस्तीत स्वस्तातले सुटे पॅड विकले जातात, त्यांच्याबरोबर अशी पिशवी मी आजवर पाहिलेली नाही.

वही घेऊन आम्ही कार्यालयांच्या पायऱ्या झिजवायला लागलो. उद्यान विभाग म्हणाला डबे घनकचऱ्याचे. घनकचरा म्हणाला बाग उद्यानाची. सुरक्षा म्हणाली आमच्याकडे कुलपाची तक्रारच नाही. एक साहेब मनापासून बोलणारे निघाले. ते म्हणाले, "बाई, आपल्या लोकांना शिस्तच नाही, आम्ही तरी काय करणार?" त्यांनी उपाय सुचवला की डबेच काढून टाकू, म्हणजे कचऱ्याची जागाच राहणार नाही, आणि वर कॅमेरा आणि दंडाची पाटी लावू. मी त्यांना पुड्यांबद्दल सांगितलं. ते फायलीकडे बघायला लागले.

पहिली कारवाई काय झाली सांगू? फाटकावर भेळेची गाडी लावणाऱ्या बाईला उठवलं. तिच्या कागदांमुळे कचरा होतो म्हणे. आमच्या वहीप्रमाणे तिचे कागद डब्यात असायचे ते अगदी थोडे, आणि तिनं स्वतःची बादली ठेवलेली होती. ती बाई रात्री आठपर्यंत फाटकाशी कंदील लावून बसायची, तिच्या भरवशावर मुली सातनंतर बागेत थांबायच्या. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखाली सर्वेक्षणाविना असं कुणाला उठवता येत नाही. तो कायदा आम्ही तिला वाचून दाखवला, तिला परत बसवायला सात आठवडे लागले.

कायद्याचं नाव निघालंच आहे तर कार्यकर्त्यांना उपयोगी पडेल म्हणून थोडं सांगते. शहरांच्या कचऱ्याबाबत १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली ती एका बाईनं, बंगळूरच्या अल्मित्रा पटेल यांनी. त्या इंजिनिअर आहेत. त्या याचिकेच्या रेट्यातून २००० साली नागरी घनकचऱ्याचे नियम आले, २०१६ साली ते बदलून नवे आले. त्याच खटल्यात राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५ हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५ हजार रुपये भरपाई लावली. आणि आमच्या कामी आलं ते कलम असं, की बागांतला कचरा स्थानिक संस्थेनं वेगळा गोळा करावा आणि शक्यतो बागेतच जिरवावा. कचरा हाताळणाऱ्यांना गणवेश, हातमोजे, रेनकोट, पादत्राणं आणि मास्क मिळतील हे पाहणंही स्थानिक संस्थेचं काम, असं त्याच नियमांत लिहिलेलं होतं. अक्कांना अकरा वर्षांत मोजे मिळाले ते एकदाच, आमच्या मोहिमेतले उरलेले.

पाल्यासाठी आपल्याकडे नाडेपची टाकी आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी ती शेतकऱ्यांसाठी बसवली, त्यांच्याच नावाची आद्याक्षरं तिला पडली. भिंतीच्या विटांत फटी सोडलेली टाकी, पाल्याचे थर, मधून शेणकाला आणि माती, आणि पाण्याचा शिपका. तीन-चार महिन्यांत खत होतं. यात शोध लावण्यासारखं काही नाही, गावाकडून आलेल्या प्रत्येक बाईला उकिरडा कसा कुजवायचा हे माहीत आहे. अक्कांनी तर साहेबांना टाकी झाडाखाली सावलीत कुठं घ्यायची तेही दाखवलं.

किल्लीवर मात्र गाडी अडली. घंटागाडीची वेळ बदलणार नाही, मार्ग ठरलेला आहे, असं उत्तर मिळालं. मग अक्कांकडे किल्ली द्या. तर साहेब म्हणाले, "झाडणाऱ्या बाईकडे किल्ली कशी देणार? जबाबदारीचा प्रश्न आहे." अकरा वर्षं जिच्या हातात ती सगळी बाग होती, तिच्या हातात तीस-चाळीस रुपयांची किल्ली द्यायला महापालिकेला विश्वास पुरेना. आम्ही तिथल्या तिथं ठिय्या मारला. पण आमची ती दलित मैत्रीण पुन्हा मध्ये पडली, आणि पडली ते बरं झालं. ती म्हणाली, "नुसती किल्ली घेऊ नका. आज किल्ली दिली तर उद्या उघडझापही हिच्याच गळ्यात पडेल, आणि चोरी झाली तर आळही हिच्यावर." मग मागणी अशी लिहिली: किल्ली फक्त १० ते १२ या वेळेसाठी, लेखी आदेशानं. ते दोन तास कामाच्या वेळेत धरायचे. डबा ओढायला चाकाची गाडी द्यायची. आणि बागेतला संडास उघडायचा, जो बांधल्यापासून बंद आहे, म्हणजे अक्का कामाच्या वेळेत रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात जातात.

हे सगळं 'किरकोळ' वाटत असेल तर मुंबईचं उदाहरण देते. तिथं कचरा वाहतूक श्रमिक संघानं कंत्राटी सफाई कामगारांसाठी वर्षानुवर्षं लढा दिला, आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं २,७०० कामगारांना कायम करण्याचा निवाडा उचलून धरला. दुसरीकडे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत आस्थापनेचं 'मुख्य काम' कोणतं हे ठरवताना झाडलोट आणि कचरा उचलणं सर्वसाधारणपणे त्यातून बाहेर ठेवलेलं आहे. मुख्य कामात कंत्राटी कामगार लावायला मनाई, म्हणून ही व्याख्या महत्त्वाची. महापालिकेचं मुख्य काम झाडलोट नाही तर काय आहे, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

२०२४ च्या एप्रिलमध्ये लेखी आदेश निघाला. किल्ली मिळाली, दोन तास हजेरीत आले. चाकाची गाडी जूनमध्ये आली. नाडेपची एक टाकी झाली. पहिल्या खेपेला कुणीतरी तिच्यात वाढदिवसाच्या ताटल्या टाकल्या, सगळं उपसावं लागलं. दुसऱ्या खेपेचं खत चांगलं उतरलं. डबे दोनच आहेत, पण आता रोज रिकामे होतात. पुड्यांसाठी झाकणाचा वेगळा डबा मागितला, तो अजून मिळालेला नाही. सोसायटीतल्या दोन बायकांनी मात्र जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या करून भेळवालीच्या गाडीवर ठेवायला सुरुवात केली आहे, लाल ठिपका काढून. ज्यांनी तो 'घाणेरडी सवय'वाला अर्ज लिहिला होता त्यांच्यातलीच एक.

त्या मुलीचं विचाराल. ती त्या वर्षी दिवाळीच्या आधी एकदा आली, पोराला घेऊन. पोरगं झोक्याला घाबरलं, इतक्या दिवसांनी. ती बाकावर बसली, मी बसले. तिच्या कागदांचं पाकीट अजून माझ्याजवळ आहे असं मी सांगितलं. ती म्हणाली, "राहू द्या तुमच्याकडंच, ताई." त्यानंतर ती कधी मंगळवारी येते, कधी येत नाही. मी दर मंगळवारी बसते.

आता संडासाचं सांगते आणि थांबते. अक्कांना मिळालेल्या जुडग्यात एक जास्तीची किल्ली निघाली. ती कशाची म्हणून त्यांनी लावून पाहिली, तर संडासाचं दार उघडलं. आत आधीच्या कंत्राटदाराचे पाईप, सिमेंटच्या दगड झालेल्या गोण्या, आणि एका कोपऱ्यात खोकं भरून आमच्या स्वच्छता मोहिमेच्या टोप्या. ते सामान कोणत्या विभागाचं, ते कुणी हलवायचं, यावर तेव्हापासून तीन विभागांत पत्रव्यवहार चालू आहे. सगळी पत्रं मी सोबत आणली आहेत. पुढच्या सोमवारी अक्का, भेळवाली मावशी आणि आम्ही चौघी आयुक्त कार्यालयात जाऊन बसणार आहोत. ज्यांना यायचं असेल त्यांनी जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे नाव द्यावं, आणि येताना पाण्याची बाटली आणावी. तिथंही बायकांच्या संडासाला कुलूप असतं, पण दुसऱ्या मजल्यावरच्या शिपाईमावशींकडे त्याची किल्ली आहे.